चौथं कडवं

शांतवन रणभिसे सरांना अमरावतीत येऊन आयुष्य उलटलं, पण त्यांच्या बोलण्यातल्या 'ला'चा 'ले' काही झाला नाही. ते मूळचे नगरचे. शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेले. राजापेठच्या बाजारातसुद्धा ते "आपल्याकडे कोवळी गवार मिळेल काय?" असंच विचारायचे, आणि भाजीवाली हे 'आपल्याकडे' कोण आलं म्हणून आधी मागे वळून बघायची.

त्यांची बायको पंचफुला मात्र अकोटची. नवऱ्याच्या शुद्ध मराठीचं तिला लग्नाच्या दिवशी जेवढं हसू आलं, तेवढंच शेवटपर्यंत येत राहिलं. सर ख्रिस्ती गीतं लिहायचे. गीत पुरं झालं की स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून तिला वाचून दाखवायचे. ती पोळी लाटता लाटता ऐकायची आणि म्हणायची, "चांगलं हाय जी. पन हे देवाले समजंन काय?"

एकदा सरांनी तिला मात्रा मोजायला शिकवायचं मनावर घेतलं. लघू म्हणजे एक, गुरू म्हणजे दोन. पहिली ओळ संपायच्या आतच तिने हात झटकले. "गानं म्हनाचं का हिशेब कराचा?" असं म्हणून ती कुकर लावायला उठली, आणि तो विषय तिथेच मिटला.

गेल्या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडाशी पंचफुला वारली. ताप काय आला, दवाखाना काय झाला, बोलता बोलता सगळं संपलं. कबरस्तानातून परत येताना लोक सरांच्या खांद्यावर हात ठेवत होते आणि सर प्रत्येकाला "आभारी आहे" म्हणत होते. ते कुणासमोर रडले नाहीत. त्यांनी गीत लिहायला घेतलं. ते लिहायला त्यांना वर्ष लागलं.

गीत तीन कडव्यांचं होतं, सोळा मात्रांच्या ओळींचं, आणि कानामात्रेचीही खोट नसलेलं. चाल गजेंद्रची. गजेंद्र आठवडाभर गाडगेनगरात मोबाइल दुरुस्त करायचा आणि रविवारी कॅम्पातल्या चर्चमध्ये पेटी वाजवायचा. त्याला एकच चाल बिनचूक यायची, त्यामुळे सरांची सगळी गीतं वर्षानुवर्षं त्याच चालीवर म्हटली जात. पंचफुलाच्या स्मरणदिनाच्या उपासनेत गीताचे छापील कागद वाटले गेले, मंडळी उभी राहिली आणि गायला लागली:

ख्रिस्ता, तुझिया करुणासदनी
गेली माझी जीवनसरिता…

दुसऱ्या कडव्यापर्यंत बायकांच्या बाजूला कुजबुज सुरू झाली. महिला मंडळाच्या दीक्षाताई शेजारणीच्या कानाला लागल्या. "सरिता कोन व? गेल्या तं फुलावयनी ना?"

तिसरं कडवं संपलं. सरांनी डोळे मिटले. आता पेटी थांबेल, पाळकसाहेब 'आमेन' म्हणतील, आणि मग बसायचं. पण पेटी थांबली नाही. गजेंद्रने भाता ओढला, आणि सगळं चर्च एका सुरात पुढचं कडवं म्हणू लागलं:

सरिता कोन मले सांगा जी,
गॅसवर जळे तुमची भाजी.

सरांना पहिल्यांदा राग आला तो 'मले'चा. आपल्या गीतात 'मले'? मग सवयीने त्यांची बोटं कागदाखाली मात्रा मोजायला लागली. आठ आणि आठ सोळा. दुसऱ्या ओळीच्याही आठ आणि आठ सोळा. कुणी तरी थट्टा केली होती, पण वृत्तात केली होती. आणि मग त्या ओळीचा अर्थ त्यांच्यापर्यंत पोचला.

वांग्याची भाजी. मंद आचेवर. निघताना बंद करतो म्हटलं होतं.

सर बाकातून निघाले आणि मधल्या वाटेने चालत बाहेर पडले. फाटकापर्यंत ते चालले, फाटकाबाहेर धावले. मागे चर्चमध्ये तीनचार बायकांनी पदर डोळ्यांना लावला. सरांना हुंदका आवरला नाही, असं त्या दिवशी सगळ्या कॅम्पात झालं.

ऑटोवाल्याला घाई करत ते घरी पोचले तेव्हा स्वयंपाकघर धुराने भरलं होतं. पातेलं तळापासून काळं. खिडकीचा पडदा सुटून ओट्यावर ओघळला होता, आणि त्याचं टोक ज्योतीपासून वीतभर लांब होतं.

संध्याकाळी गजेंद्र चौकशीला आला. "सलाम सर. बरं हाय ना आता? आमाले वाटलं, तुमाले भरून आलं."

"गजेंद्र, ते चौथं कडवं कुणी लिहिलं?" सरांनी सरळ विचारलं.

"कोनतं चौथं?"

"सरिता कोण म्हणून विचारणारं."

गजेंद्र गोंधळला. "ते तं दीक्षाताई विचारून राहिल्या होत्या. गान्यात कुठी होतं? कागदावर हाय तेच म्हटलं आमी." मग त्याने मान खाजवली. "फक्त एक झालं सर. तिसरं कडवं संपलं, मी हात उचलाले गेलो, तं बोटं उचललीच नाई. अजून एक डाव वाजली. मले वाटलं, सवयीनं झालं असंन."

उपासना त्याने मोबाइलवर टिपली होती. दोघांनी डोक्याला डोकं लावून ती बघितली. तिसरं कडवं झालं, आणि पुढच्या कडव्याला सगळ्या मंडळीच्या तोंडांची उघडमीट होत होती. आवाज मात्र नुसत्या पेटीचा होता.

"माइक खराब हाय," गजेंद्र म्हणाला. मोबाइल दुरुस्त करणाऱ्या माणसाने सांगितलं, म्हणून सरांनी मानलं. तो गेल्यावर त्यांना आठवलं की मोबाइल पेटीवरच ठेवला होता आणि आधीची तीन कडवी त्यात खणखणीत ऐकू आली होती.

सर भाबडे नव्हते. दुसऱ्या दिवशी ते डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरांनी बीपीची गोळी बदलली आणि फिरायला जायला सांगितलं. सर फिरायलाही गेले. पण वडाळी तलावाच्या काठाने चालताना त्यांच्या मनात एकच गोष्ट घोळत होती. पंचफुलाला जन्मात मात्रा मोजता आल्या नव्हत्या. आता बरोबर सोळा कशा?

प्रयोग करून बघावा म्हणून त्यांनी आणखी एक गीत लिहिलं. विषय धरला 'संकटातली सबुरी'. त्यात नदीबिदी काही ठेवली नाही. त्या रविवारी निघताना गॅस बंद केला, सिलिंडरची चावी बंद केली, कुलूप लावल्यावर पुन्हा आत जाऊन दोन्ही बघून आले. घरात फक्त टोपलीभर कैऱ्या पडून होत्या. पंचफुलाच्या हातची लोणच्याची बरणी संपली होती आणि सरांनी स्वतः घातलेल्या दोन बरण्यांना बुरशी आली होती.

तीन कडवी झाली. पेटी चालू राहिली.

कैरी पुसून कोरडी करा,
तेलासाठी धीर जी धरा.

मंडळी तल्लीन झाली होती. कुणी हात उंचावले होते. मागच्या बाकावरच्या एक आजी 'धीर जी धरा'ला डोळे पुसत होत्या. पाळक स्वप्निल पुण्याकडचे, उमेदीचे, गळ्याला पांढरी कॉलर. त्यांनी जन्मात कधी 'जी' म्हटलं नसेल. तेही डोळे अर्धे मिटून लोणच्याची कृती गात होते. सरांना हसू आवरेना. वर्षभरात पहिल्यांदा त्यांना खरंखुरं हसू आलं होतं, आणि ते त्यांनी खोकल्यात दडवलं.

मग एक गोष्ट त्यांच्या लक्षात आली आणि खोकला थांबला. तीन कडव्यांपर्यंत सगळ्यांच्या नजरा कागदावर होत्या. चौथ्याला एकाचीही कागदावर नव्हती. उपरण्यातले म्हातारे, पदरातल्या बायका, पेटीवरचा गजेंद्र, पाळकसाहेब, सगळे सरांकडे बघत होते. कडवं संपलं तशा सगळ्या माना पुन्हा खाली गेल्या.

लोणचं उत्तम झालं. सरांनी पाळकसाहेबांना वाटीभर नेऊन दिलं. "वा! कुणाची कृती?" त्यांनी विचारलं.

"आपलीच," सर म्हणाले. पाळकसाहेबांना तो विनय वाटला.

सरांची मुलगी वर्षाली अकोल्याला असायची. नवऱ्याचं तिथे दुकान, आणि ती एका खासगी दवाखान्यात नर्स. सरांनी फोनवर तिला सगळं सांगितलं. "बाबा, तुमी एकटे राहून राहिले म्हनून हे होते," ती म्हणाली. "मेंदूच्या डॉक्टरले दाखवू. नाई तं सरळ अकोल्याले या राहाले."

"मी तिकडे येतो, पण गीत घेऊन," सर म्हणाले. "तुमच्या चर्चमध्ये आईला ओळखणारं कुणी नाही. तिथे म्हणू द्या. तू माझ्या शेजारी बस. कडवं आलं, तर तुलाही ऐकू येईल. नाही आलं, तर तू म्हणशील त्या डॉक्टरकडे येतो."

हा सौदा वर्षालीला पटला. सर बडनेऱ्याला गाडीत बसले, मूर्तिजापूरला चहा प्यायले आणि अकोल्याच्या उन्हात उतरले. रविवारी अनोळखी मंडळींनी त्यांचं गीत म्हटलं. पेटीवाला दुसरा होता, चालही वेगळी होती. सरांना वाटलं, इथे काही व्हायचं नाही. त्यांना वाईटही वाटलं आणि सुटल्यासारखंही वाटलं.

तिसरं कडवं संपलं. पेटी थांबली नाही.

नोको रडू व वर्षेबाई,
बस हुकली, मी रुसली नाई.

सरांनी लेकीकडे बघितलं. वर्षालीही गात होती. तिचा चेहरा त्यांच्याकडे वळला होता, डोळे टक्क उघडे होते, आणि खालचा ओठ एका बाजूला जरासा दुमडला होता. पंचफुला हसू दाबायची तेव्हा असा दुमडायची. वर्षालीचा ओठ कधी तसा दुमडलेला सरांना आठवत नव्हता.

उपासना सुटल्यावर दोघं बाहेर कचोरीच्या गाडीपाशी उभे राहिले. वर्षाली खुशीत होती. "पाहा बाबा, नाई झालं ना काही? तीन कडवे म्हटले, आमेन झालं, बसलो. उद्याच डॉक्टरचा नंबर लावते."

"वर्षा, तुझी बस चुकली होती का? आई गेली त्या दिवशी?"

वर्षालीचा हात कचोरीसकट तोंडाशीच थांबला. सरांनी तिला कडवं म्हणून दाखवलं. हळू, शब्द न बदलता.

"हे तुमाले कोनं सांगतलं?" ती म्हणाली. "म्या कोनालेच नाई सांगतलं. तुमाले तं म्हटलं होतं, मूर्तिजापूरपाशी गाडी बंद पडली." तिचा आवाज फुटला. "आईले माया युनिफॉर्म आवडे नाई ना बाबा. म्हने, दवाखान्यातून आल्यासारखी नोको येत जाऊ. म्हनून घरी जाऊन साडी नेसली. तेवढ्यात बस गेली. मी आली तं तुमी तिच्या तोंडावर चादर ओढून राहिले होते."

भर रस्त्यात ती लहान मुलीसारखी रडायला लागली. सरांना काय करावं सुचेना. ते तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. कचोरीवाल्याने घाईघाईने पाण्याचा ग्लास पुढे केला. "मिरची लागली काय ताई? आज जराशी जास्तच पडली."

त्यानंतर वर्षालीने डॉक्टरचं नाव काढलं नाही. दर आठवड्याला फोन करून ती एकच विचारायची. "बाबा, नवीन गीत कवा लिहिता?"

सरांना आता लिहायचा हव्यास लागला. पूर्वी एका गीताला महिने लागायचे, आता दर रविवारी एक तयार असायचं. वर 'प्रभो दयाळा', खाली 'आमेन', आणि मध्ये कुठे तरी रूपकात गुंडाळलेला प्रश्न. लहान पेचकस कुठे ठेवलास? हिवाळ्याच्या रजया कधी काढू? मंडळी सोळा मात्रांत उत्तर द्यायची. पेचकस शिलाई मशीनच्या खणात निघाला. चर्चमध्ये सरांच्या गीतांची चर्चा होऊ लागली. दीक्षाताई एकदा म्हणाल्या, "सर, तुमचं गानं म्हटलं का मले माहेरी जाऊन आल्यासारखं वाटते. काहून वाटते, ते समजत नाई."

पाळक स्वप्निल मात्र एकदा उपासनेनंतर थांबले. बाकांवरचे कागद गोळा करत त्यांनी विचारलं, "सर, रागावू नका. तुमच्या गीतांत प्रभूचं नाव प्रत्येक ओळीला असतं. पण ती प्रभूशी बोलतात, असं वाटत नाही."

सर खोटं बोलणारे नव्हते. "पाळकसाहेब, पाकिटावर मी त्याचं नाव घालतो," ते म्हणाले. "आतला मजकूर दुसरीलाच असतो. मी प्रभूचा पोस्टमन केला आहे."

पाळकसाहेब यावर हसले नाहीत. "मग त्या दुसरीला एकदा विचारा, ती कशी आहे," ते एवढंच म्हणाले.

हा प्रश्न सरांनी कधी विचारलाच नव्हता. पेचकस विचारला, रजया विचारल्या, पण 'कशी आहेस' हे विचारायचं राहून गेलं होतं. खरं तर लग्नाच्या इतक्या वर्षांतही ते राहूनच गेलं होतं. त्यांनी गीत लिहिलं आणि या वेळी रूपक घातलं नाही. तिसऱ्या कडव्यात सरळ विचारलं: प्रभूच्या घरी सुखरूप पोचलीस ना?

त्या रविवारी चौथं कडवं आलं, पण नेहमीच्या जोरात नाही. सगळं चर्च जणू दमलेल्या आवाजात गात होतं. खूप चालून आल्यावर माणूस बोलतो तसं.

दूर दिवा, मी पाय उचलते,
तुमच्या हाके मागं फिरते.

सर कागदाची घडी घालत राहिले आणि उलगडत राहिले. पुढे प्रवचन झालं, आशीर्वाद झाला, लोक सलाम करून निघून गेले, तरी ते बाकावरच होते. गजेंद्र पेटीवर कापड घालून जवळ आला. "सर, येता का? गिला वडा खाऊ."

"मी तिला जाऊच देत नाही, गजेंद्र," सर म्हणाले.

गजेंद्रला काही कळलं नाही. तो त्यांच्या शेजारी नुसता बसून राहिला.

त्यानंतर सरांनी लिहिणं बंद केलं. वर्षालीचा फोन आला की "सुचत नाही" म्हणायचे. पेन उचललं की एखादा प्रश्न आपसूक यायचा आणि ते पेन खाली ठेवायचे. घरात रेडिओ लावून ठेवायचे. एकदा दुपारी ते खाटेपाशी गुडघ्यांवर आले. प्रार्थना त्यांना पाठ होती, सुंदर मराठीतली. "हे स्वर्गीय पित्या" एवढं म्हणून झालं आणि पुढचा शब्द येईना. गुडघे दुखायला लागले. मग त्यांच्या तोंडून जे निघालं ते ऐकून ते स्वतःच चमकले.

"देवा," ते म्हणाले, "मले नाई जमत."

रडू फुटलं तेही त्याच भाषेत फुटलं. बऱ्याच वेळाने ते उठले आणि बसून गीत लिहिलं. त्यात पाकीट नव्हतं. जे होतं ते ज्याचं त्यालाच होतं.

गजेंद्रने कागद वाचला आणि पुन्हा वाचला. "सर, हे तुमी लिहिलं?"

"का? मात्रा चुकली?"

"नाई," गजेंद्र म्हणाला. "समजलं."

त्या रविवारी सर नेहमीच्या जागी बसले नाहीत. अगदी मागच्या बाकावर, कडेला जाऊन बसले. त्या बाकावर दुसरं कुणी नव्हतं. रडायला आलं तर उठून जाता यावं, एवढाच विचार होता. मंडळी उभी राहिली. सरही उभे राहिले, आणि आपल्या गीताचं शेवटचं कडवं त्यांनी सगळ्यांबरोबर म्हटलं:

येशू राजा, हात धर तिचा,
नाद सोडला म्या हाकेचा.

तिसरं कडवं संपलं.

गजेंद्रने बोटं उचलली. बोटं उचलली गेली. पेटीचा सूर छतापाशी जरा घुटमळला आणि विरला. वर पंखे फिरत होते.

कुणीही वळून सरांकडे बघितलं नाही. पाळकसाहेब 'आमेन' म्हणाले. मंडळी खाली बसली.

चौथं कडवं नव्हतं.

सर बसले. गालांवरून पाणी वाहत होतं आणि ते पुसावंसं त्यांना वाटलं नाही. गेली, त्यांनी मनाशी म्हटलं. पोचली असेल. छातीवरचं काही तरी उतरल्यासारखं हलकं वाटत होतं, आणि त्या हलकेपणाचीच थोडी भीती वाटत होती.

अर्पणाची थैली फिरू लागली. थैली घेऊन सोनोने येत होते. एसटीतले निवृत्त कंडक्टर, महिन्याभरापूर्वीच मूर्तिजापूरहून मुलाकडे राहायला आलेले. चर्चने त्यांना हे काम दिलं आणि बाकांमधल्या वाटेला एसटीची शिस्त आली. एकही माणूस न वगळता, प्रत्येकापुढे सारखा वेळ थांबत ते मागे मागे सरकत होते.

शेवटच्या बाकापाशी आले. सरांनी नोट टाकली.

थैली माघारी गेली नाही. ती सरांच्या पलीकडे, बाकाच्या रिकाम्या जागेपुढे सरकली आणि तिथे थांबली. बाईमाणूस पदराची गाठ सोडेपर्यंत कंडक्टर थांबतो तसे सोनोने थांबले. त्यांची नजर खाली, बसलेल्या माणसाच्या हातांवर असावी तशी होती.

सरांनी मान वळवली नाही.

"असू द्या, बाई," सोनोने हळूच म्हणाले. "सुटे नसतीन तं पुढच्या रविवारी द्या."